ग्रीब बेटाचा भोंगा

रोवेना टिझार्ड आणि मी सेंट जॉन्सच्या बंदरामागे एका जुन्या मासळीच्या गोदामात काम करायचो. ती वरच्या मजल्यावर प्रोग्राम लिहायची, मी खाली पेट्या जोडायचो. गोदामातून मासे जाऊन कैक वर्षं झाली होती, तरी दमट हवा आली की भिंती अजून कॉडचा वास सोडायच्या.

आमची कंपनी धुक्याच्या भोंग्यांचे कंट्रोलर बनवते. किनाऱ्यावरच्या टेकाडावर एक खोपटं, छपरावर सोलर पॅनल, आत बॅटऱ्या आणि आमची करडी पेटी. धुकं उतरलं की पेटी भोंगा वाजवते. प्रत्येक जागेचा भोंगा वेगळा. कुठे मिनिटाला एकच लांब, कुठे तीन आखूड. हात पुढे केला तर दिसत नाही अशा हवेत होडीतला माणूस नुसत्या कानांवर ओळखतो की आपण कुठे आहोत.

पेटी सुरू होताना सगळ्यात आधी एक छोटासा प्रोग्राम जागा होतो. त्याला आम्ही बूट म्हणतो. तो मेमरी पुसून साफ करतो, सगळं जागच्या जागी आहे का बघतो, आणि मोठ्या प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवून गप्प बसतो. चिपमध्ये त्याच्यासाठी एक चिंचोळी जागा राखून ठेवलेली असते. त्या हिवाळ्यात सरकारी खात्याने नवा नियम काढला. पेटीत शिरणारा प्रोग्राम खरोखर आमचाच आहे ना, याची बूटने आधी तपासणी करायची. रोवेनाने तपासणी लिहिली, आणि बूट त्या जागेत मावेना.

"मोठी चिप घालू या का?" आमचा साहेब गॉर्डन म्हणाला.

"तयार पेट्या उसवायला लेव्हीला सांगताय का तुम्ही?" तिने माझ्याकडे बोट केलं. "तो मला जिन्यावरून ढकलून देईल."

"ढकलेनच," मी म्हणालो.

"मग करणार काय?"

"कम्पायलरला सांगते पोट आत घ्यायला."

कम्पायलर म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा. त्याला कसं उतरवायचं ते आधी सांगावं लागतं. लिहिलंय तसंच्या तसं, की पळायला वेगवान, की जागेला कमीत कमी. तोवर बूटसाठी आम्ही 'लिहिलंय तसंच' हीच सेटिंग ठेवली होती. रोवेनाने ती बदलून 'कमीत कमी जागा' केली, आणि वर आणखी एक सांगितलं: सगळ्या फायली एकत्र वाच आणि ज्याचा कुणाला उपयोग नाही ते काढून टाक. बूट मावलं. वर थोडी जागाही उरली. सगळ्या चाचण्या पास झाल्या आणि तिने त्या दुपारी आम्हा सगळ्यांना फिश अँड चिप्स खिलवले.

नव्या प्रोग्रामची पहिली पेटी गेली ती गनेट हेडला. नवी नव्हती ती. माणसं फार थोडी उरली म्हणून सरकारने दक्षिण किनाऱ्यावरचं ग्रीब बेट रिकामं केलं, तिथला भोंगा बंद झाला, आणि त्याची पेटी आमच्याकडे परत आली होती. मी तारा बदलल्या, जुना प्रोग्राम पुसून नवा घातला, आणि तिला गनेट हेडवर बसवून आलो. गनेट हेडच्या पायथ्याशी मॅकरल कोव्ह नावाचं गाव आहे, आणि ग्रीब बेटावरची बरीचशी माणसं तिथेच राहायला गेली होती. मला हे ठाऊक होतं. पण त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

जूनमध्ये धुकं आलं आणि गेलंच नाही. पहिला फोन आला तो थर्झा पार्डी नावाच्या बाईंचा. रोवेनाने स्पीकर लावला.

"पोरी, तो भोंगा तूच बनवलास का?"

"आम्हीच, मावशी. बिघडलाय का?"

"बिघडलाय कसं म्हणू? आमच्या बेटाचं बोलतोय तो. दोन आखूड, एक लांब."

रोवेनाने समोरच्या पडद्यावर गनेट हेड उघडलं. "मावशी, इथे तर मिनिटाला एक लांब दिसतोय. आत्ता वाजतोय तोही तोच."

"आत्ता तोच वाजतोय. काल वाजला तो वेगळा." बाई म्हणाल्या, "माझा नवरा बेटावर भोंग्याचं बघायचा. ॲम्ब्रोज. आम्ही इकडे आलो त्या हिवाळ्यातच गेला तो. मी काही वेडी झालेले नाही, पोरी. मी फक्त सांगतेय."

रोवेनाने पेटीकडून सगळी नोंद मागवली. मधे कधीतरी वीज कमी पडून पेटी बंद पडली होती आणि आपोआप पुन्हा सुरू झाली होती, एवढंच. भर धुक्यात सोलरचं असं होतंच. दुसरा फोन दुसऱ्या कुणाचा तरी आला, तिसरा पाद्रीबाबांचा. पाद्री म्हणाले, "लोक संध्याकाळी दिवे न लावता बसून राहतात. ऐकत. मी त्यांना काय सांगू?"

आणि मग इसॉ पार्डीची होडी खडकावर आदळली.

खात्याने आम्हा दोघांना ताबडतोब निघायला सांगितलं. दिवसभर गाडी, मग फेरीबोट. फेरीच्या काचेतून नुसता पांढरा रंग दिसत होता. मॅकरल कोव्हला हॉटेल नाही, म्हणून पाद्रीबाबांनी आमची सोय थर्झा मावशींकडेच केली होती. बुटकी, हाताने झटपट बाई. आम्ही पायातले बूट काढतोय तोवर तिने तव्यावर पावाची कणीक तळायला टाकली आणि काकवीचा डबा टेबलावर आपटला.

टेबलाशी एक म्हातारा बसला होता. हात गळ्यात बांधलेला, कपाळावर टाके. तोच इसॉ, ॲम्ब्रोजचा धाकटा भाऊ.

"हीच का ती?" त्याने थर्झाला विचारलं. "मला वाटलं दाढीवाला कुणी येईल."

"दाढीवाला हा आहे," रोवेना माझ्याकडे बघत म्हणाली. "पण त्याला फक्त स्क्रू कळतात."

म्हातारा हसला, मग खांदा दुखला म्हणून थांबला. तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"इसॉ काका, काय झालं ते मला नीट सांगाल?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात? गळ टाकून बसलो होतो. धुकं. गनेटचा लांब आवाज कानावर होता, मग तो बंद पडला. मी म्हटलं, गेली यांची बॅटरी. गळ गुंडाळायला लागलो. आणि मग आला. दोन आखूड, एक लांब."

"पण तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"डोक्याला होतं की. बेट कुठे आणि मी कुठे! पण पोरी, बेटावर यायचं म्हणजे भोंगा डाव्या हाताला ठेवायचा आणि बिनधास्त आत घुसायचं. आयुष्यभर तसाच आलो मी. हातांनी मला विचारलंच नाही. सुकाणू वळलं आणि मी बसून बघतोय." त्याने चहाचा कप उचलला, तसाच खाली ठेवला. "इथे त्या वाटेवर बुडीत खडक आहेत. तेही मला माहीत होतं."

तव्यावर कणीक चरचरत होती.

"धूर पण आला," तो हळूच म्हणाला.

"कसला धूर?"

"चुलीचा. बर्चच्या लाकडाचा. आपण आत शिरायला लागलो की यायचा तसा."

"माझ्या चुलीचा," थर्झा मावशी मागे न वळता म्हणाली. "वाटेवर पहिलं घर माझंच होतं."

रोवेनाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला मी चांगला ओळखतो. घाबरली की ती पेन शोधते. त्या वेळी ती खिसे चाचपत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेकाडावर गेलो. खोपट्यात दोघांना बसायला जेमतेम जागा. तिने लॅपटॉप पेटीला जोडला आणि मला म्हणाली, "वायर काढ." मी काढली. "लाव." लावली. पेटी जागी झाली, भोंगा वाजला: एक लांब. पुन्हा काढली, पुन्हा लावली. एक लांब. सकाळभर आमचं हेच चाललं. भोंगा डोक्यावरच होता. दर वेळी दातांपर्यंत हादरा बसायचा.

जेवणाच्या सुमाराला थर्झा मावशी डबा घेऊन वर आली. दारात उभी राहून तिने आमचा तो खेळ थोडा वेळ पाहिला.

"असं मागितलं म्हणून नाही येत ते," म्हणाली, आणि डबा ठेवून गेली.

दुपारनंतर धुकं आणखी दाटलं. पॅनलवर ऊन पडून तीन दिवस होऊन गेले होते. बॅटरीचा काटा खाली खाली चालला होता. रोवेना म्हणाली, "लेव्ही, वायर नको काढूस. आपण चुकत होतो. वायर काढली की वीज एकदम जाते. इथे ती एकदम जात नाही, हळूहळू बसते. बसू दे तिला."

म्हणून आम्ही बसून राहिलो. खाली गावात एक कुत्रा भुंकत होता, तोही थांबला. पेटीवरचा हिरवा दिवा मंदावला, लुकलुकला, विझला. भोंगा थांबला. नुसतं पाणी ऐकू येत होतं, दूर खाली खडकांवर. मग बॅटरीने जराशी उभारी धरली असावी. दिवा पुन्हा लागला.

दोन आखूड. एक लांब.

रोवेना जागची उठली आणि तिचं डोकं छपराला आपटलं. खाली बसली आणि लॅपटॉपवर पेटीची मेमरी उघडली.

"हे बघ," थोड्या वेळाने ती म्हणाली. "या मेमरीला तिची वेगळी छोटी बॅटरी आहे, त्यामुळे पेटी बंद पडली तरी तिच्यातलं जात नाही. तिच्यात दोन कप्पे आहेत. एकात चालू भोंगा, दुसऱ्यात राखीव. चालू कप्प्यात लिहिता लिहिता वीज बसली, की तो अर्धवट राहतो. मग मोठा प्रोग्राम राखीव कप्प्यात बघतो; तो कोरा असेल, किंवा पुढच्या खेपेला वीज नीट असेल, तर गनेटचा भोंगा चालू कप्प्यात नव्याने लिहितो. आणि राखीव कप्प्यात..."

"ग्रीब बेट."

"ग्रीब बेट. ते तिथेच आहे. कुणी पुसलंच नाही."

"बूट पुसतं ना? दर वेळी पुसतं. म्हणून तर मी कधी ती बॅटरी काढत नाही."

कम्पायलरने यंत्राच्या भाषेत उतरवलेलं बूट तिने उघडलं आणि वरून खाली एकेक ओळ वाचत गेली. डोक्यावर भोंगा बोलत होता. दोन आखूड, एक लांब. ती शेवटापर्यंत गेली, परत वर आली.

"नाहीये," म्हणाली.

"काय नाहीये?"

"पुसणं. मी लिहिलेल्यात आहे, याच्यात नाही. मीच सांगितलं त्याला, उपयोग नसेल ते काढ. त्याने सगळं वाचलं. बूट हे कप्पे पुसतं, पण बूटमधलं दुसरं कुणी ते कप्पे वाचत नाही. वाचतो तो मोठा प्रोग्राम, आणि तो कम्पायलरला दिसतच नाही, तो वेगळा बनतो. मग त्याने ठरवलं, ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते पुसायचं कशाला. काढून टाकलं." तिने डोळ्यांवर हात ठेवले. "मी त्या दिवशी फिश अँड चिप्स आणले होते, लेव्ही."

तेवढ्यात तिच्या बाजूचा, होड्यांशी बोलायचा रेडिओ खरखरला. बाहेर खेकड्यांची एक होडी होती, गावाच्या खाडीत शिरायला निघालेली. "गनेट हेड, गनेट हेड, तुमचा भोंगा काय बोलतोय? मी कुठे आहे मग?"

रोवेनाने रेडिओ उचलला. "आहात तिथेच थांबा. आत येऊ नका. भोंगा चुकीचा वाजतोय. दुरुस्त करतेय."

तिने दोन्ही कप्पे पुसून नव्याने सुरू करायची आज्ञा टाइप केली. मग बोट बटणाजवळ नेऊन थांबली.

"ही एवढीच खूण आहे," ती म्हणाली. "बेटाची. दुसरीकडे कुठेही नाही."

"कागदावर उतरवून घे की. दोन आखूड, एक लांब."

"ते कागदावर उतरतं का?"

वर भोंगा सुरू झाला. एक आखूड. दुसरा आखूड. मला म्हणायचं होतं, लांबही वाजू दे, तेवढ्याने काय बिघडतंय. मला वाटतं तिलाही तेच वाटत होतं, आणि म्हणूनच तिने बटण दाबलं. थांबली असती तर तिने ते पुढच्या खेपेलाही दाबलं नसतं.

लांब आवाज आलाच नाही.

अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. दिवा विझला, लागला. मग गनेट हेडचा आवाज आला: एक लांब, सरळ, कुणाचाही नाही असा. रेडिओवर होडीवाला म्हणाला, "हा बरोबर. येतोय."

आम्ही खाली उतरलो तेव्हा गावातले बरेच लोक आपापल्या दारात उभे होते. कुणी आमच्याशी बोललं नाही, कुणी आत गेलं नाही. थर्झा मावशी कुंपणापाशी होती, डोक्याला काही न बांधता. केसांवर धुक्याचे थेंब होते.

"बोलणं पुरं झालं नाही त्याचं," ती म्हणाली.

रोवेना तिच्यामागून घरात गेली.

स्वयंपाकघरात तिने सगळं सांगितलं. सोपं करून, पण काहीही न लपवता. सेटिंग मी बदलली, म्हणाली. इसॉ काकांच्या होडीचं जे झालं ते त्याच्यामुळे झालं. इसॉने ऐकून घेतलं, मग गळ्यातल्या फडक्यात हात सारखा केला.

"म्हणजे तुझ्या त्या कम्पायलरने कागद बघितले, म्हणाला, हे कुणी वाचत नाही, आणि उडवलं."

"हो, काका."

"आमच्या बेटावरही आला होता असाच एक, सरकारचा. टाय लावून." तो थर्झाकडे वळला. "आठवतो का गं? मोजे ओले झाले होते त्याचे. तू वाळत घातले होतेस."

"चांगला होता पोरगा," थर्झा म्हणाली.

"चांगलाच होता. मी कुठे वाईट म्हणतोय."

त्याने रोवेनावर राग धरला नाही. धरला असता तर तिला सोपं गेलं असतं. थर्झा मावशीने आम्हाला जेवायला वाढलं, अंथरुणं घालून दिली, सकाळी बेरीच्या जॅमची बरणी माझ्या पिशवीत कोंबली. रोवेनाला फक्त एक विचारलं.

"आता पुन्हा नाही ना यायचा?"

"नाही, मावशी."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. मग बराच वेळ एकच बशी पुसत राहिली.

परत आल्यावर रोवेनाने त्या कप्प्यांपुढे एक शब्द लिहिला. इथे दुसरं कुणीतरी बघतं, हात लावू नकोस, असं कम्पायलरला सांगणारा. शिवाय ती सेटिंगही काढली, आणि बूट पुन्हा मावेना. मग तिने तपासणीच आखूड केली, शब्द शब्द छाटून. गॉर्डनने खात्याला सगळं कळवलं. इसॉला होडीची भरपाई मिळाली. त्याने नवी घेतली आणि खांदा बरा व्हायच्या आतच पाण्यात घातली असं ऐकलं.

पण नवा प्रोग्राम घातलेल्या जुन्या पेट्या आणखी ठिकाणीही गेल्या होत्या. त्या सगळ्या आम्ही परत मागवल्या. माझ्या टेबलाशेजारी त्यांची रास झाली. रोवेना खाली यायची, एकेक पेटी लॅपटॉपला जोडायची, राखीव कप्पा उघडायची. बहुतेकांत काही ना काही होतं. बंद झालेल्या जागा होत्या. काहींची नावं मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकली होती. ती प्रत्येकाचं नाव यादीत शोधायची, हळू आवाजात उच्चारायची, आणि पुसायची. मी तिला म्हटलं, सगळ्या एकदम जोडून एका झटक्यात पुसता येतील. ती म्हणाली, येतील.

एका पेटीत मात्र असं काही निघालं जे कुठल्याच यादीत नव्हतं. एक आखूड, मोठा खंड, दोन लांब, पुन्हा एक आखूड. खात्याला विचारलं. त्यांच्याकडे तशी नोंद नव्हती. पेटी कुठून आली होती याचं लेबल ओलाव्याने गळून गेलेलं. ती पेटी रोवेनाने आपल्या टेबलावर नेऊन ठेवली. आठवडा गेला, गॉर्डनने दोनदा विचारलं.

शेवटी तिने थर्झा मावशीला स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच होतो. ख्यालीखुशाली झाली, इसॉची चौकशी झाली. मग ती म्हणाली, "मावशी, एक ऐका जरा," आणि फोनजवळ बोटाने टेबल वाजवलं. एक टकटक, थांबली, दोनदा हात टेबलावर लांब घासला, पुन्हा एक टकटक.



"पुन्हा वाजव," मावशी म्हणाली.

रोवेनाने वाजवलं.

"आमच्या बाजूचं नाही. माझ्या आईच्या गावाचं पण नाही." मग मावशीने विचारलं, "पुसायचंय का तुला?"

"पुसावंच लागेल."

"तर मग पोरी, आधी अजून एकदा वाजव. सावकाश वाजव. मी फोन धरून आहे."

रोवेनाने वाजवलं. या वेळी तिने खंड पुरता सोडला. शेवटचं आखूड झाल्यावरही ती फोनपुढे बसून राहिली, आणि पलीकडून मावशीनेही ठेवला नाही. मी जिना उतरून माझ्या जागेवर आलो. थोड्या वेळाने वरून पेटी पुन्हा सुरू झाल्याची बारीक टिकटिक ऐकू आली.